डब्यातला सोनचाफा

शालूबाई खोतांना दागिन्यांचा हेवा कधी वाटला नाही. शेजारी नवी गाडी आली तरी त्या दारातूनच "बरी हाय" म्हणतात आणि आत जातात. पण कुणाच्या कुंपणावर जाई फुललेली दिसली, की त्यांचे पाय तिथेच थांबतात. रोज सकाळी आम्ही दोघी कळंब्याच्या तलावाकडे फिरायला जातो. जाताना झपझप जातो. येताना मात्र उशीर होतो, कारण येतानाच्या वाटेवर बंगले आहेत आणि बंगल्यांना बागा आहेत.

"बघा की ताई, ह्यांचा अनंत. घरात पाणी घालाय माणूस न्हाय, आन् फुलं बघा कशी. आमच्या नशिबाला डबं!"

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बजावून सांगायच्या, की दुसऱ्याच्या वस्तूची अभिलाषा धरणे हे पाप. मी ते आयुष्यभर मानत आले. पण शालूबाईंना ते कसे लागू करावे, हे मला अजून समजलेले नाही. त्यांना दुसऱ्याचे झाड नको असते. त्या झाडाखालची जमीन त्यांना दिसत असते.

त्या मूळच्या राधानगरीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. परसात नुसती फांदी खोचली तरी पालवी फुटायची, असे त्या सांगतात. लग्न झाले ते आकाराम खोतांशी. ते कारागृहात शिपाई. मग बदलीमागून बदली आणि क्वार्टरमागून क्वार्टर. पहिल्याच क्वार्टरच्या दारात शालूबाईंनी जाईचा वेल लावला. तो पार कौलांवर चढला, आणि पहिला बहर आला त्याच महिन्यात बदलीचा हुकूम निघाला. काही वर्षांनी कुणाच्या तरी लग्नाला त्या गावी गेल्या असताना मुद्दाम वाट वाकडी करून त्या वेल बघायला गेल्या. पांढराशुभ्र झाला होता म्हणे. दारात नवी बाई उभी होती. शालूबाईंनी वेणीपुरती फुले मागितली, तर ती म्हणाली, "रोज कुणी ना कुणी येतंय मागाय. काय धर्माचा वेल हाय का, पावणं?"

हा वेल मी लावलाय, असे शालूबाईंच्या तोंडून निघाले नाही. मुकाट्याने त्या परत आल्या. त्यानंतर त्यांनी जमिनीत एकही रोप लावले नाही. तेलाचे पत्र्याचे डबे घ्यायचे, तळाला खिळ्याने भोके पाडायची, काठाला तारेचे कडे बसवायचे आणि त्यात झाड लावायचे. हुकूम आला की सगळ्यात आधी डबे ट्रकात चढायचे, भांडी मागून. झाडाची उंचीही त्या ट्रकाच्या मापाने ठेवायच्या.

आकाराम निवृत्त झाले आणि त्यांनी आमच्या गल्लीत घर बांधले. पुढे छान मोकळी जमीन सोडली. शालूबाईंनी त्या जमिनीवर डबे मांडले! जमीन झाडून काढायच्या, सडा घालायच्या, पण तिला कुदळ लागू दिली नाही. मी एकदा विचारले, तर आकारामच हसून म्हणाले, "वैनी, हिची अजून एक बदली व्हायची हाय."

त्या डब्यांत एक सोनचाफ्याचे कलम होते. नळाजवळच्या कोपऱ्यात ठेवलेले. दोन पावसाळ्यांत ते असे काही भरले, की रस्त्याने जाणारा माणूस वास घेत मान वळवायचा. शालूबाई दर दिवाळीला त्या डब्याला लाल रंग द्यायच्या आणि दर पावसाळ्यात शेंडा खुडायच्या, तरी खोड मनगटाएवढे झाले. तेलाच्या डब्यात एवढा चाफा कुणीच पाहिला नव्हता. आमच्या मागच्या गल्लीतले अमरसिंह इंगवले, ज्यांच्या डेलियांना पुष्पप्रदर्शनात दर वर्षी पहिला नंबर ठरलेला, तेसुद्धा खत विचारायला आले.

"अक्का, घालता तरी काय ह्याला?"

"ताक आन् गूळ," शालूबाई म्हणाल्या. ते खरेही होते. पण सांगताना त्यांची मान अशी ताठ झाली होती, की मला हसू आवरेना.

यंदा मी शालूबाईंना म्हटले, प्रदर्शनाला नाव द्या. कुंडीतल्या फुलझाडांचा गट आहे. त्या पुष्कळ दिवस नको नको म्हणत राहिल्या. मग एका सकाळी तलावावर अचानक थांबल्या. "ताई, जन्मभर मी लोकांची झाडं बघत आले. एकदा माझं झाड बघून कुणाच्या तरी पोटात दुखाय पाहिजे. द्या नाव."

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी टेम्पो आला. इंगवल्यांच्या कुंड्या आधीच चढलेल्या होत्या. चाफ्यावर कळ्या आणि फुले मावत नव्हती. आकाराम आणि टेम्पोवाल्याने तारेच्या कड्याला हात घातला. कडे उपसून हातात आले, डबा जागचा हलला नाही.

"दगड भरलीस काय गं ह्यात?" आकाराम ओरडले.

इंगवले खाली वाकले. त्यांनी पत्रा जरा दाबला तर बिस्किटासारखा तुकडा पडला. लाल रंगाच्या आत डबा गंजून गेला होता. तळ तर राहिलाच नव्हता. तिथून अंगठ्याएवढे मूळ सरळ जमिनीत उतरले होते, नळाच्या ओलीकडे.

मग इंगवले मोठ्याने हसले. "अक्का! म्हंजे दोन वर्षं ताक-गूळ घालून मी माझ्या कुंड्या सडवल्या, आन् तुमचा चाफा डब्यात न्हायच! त्यानं डबा नुसता अंगात घातलाय की!"

शालूबाईंचा चेहरा उतरला. इंगवले तसे दिलदार. ते लगेच म्हणाले, "काळजी सोडा. मूळ तोडा, माझी मोठी कुंडी देतो. पाणी मारत ऱ्हायलं तर प्रदर्शन संपूस्तर मान टाकत न्हाय. पहिला नंबर तुमचाच."

"आन् फुडं?" शालूबाईंनी विचारले.

"फुडचं काय सांगावं? जगलं तर जगलं."

आकारामांनी कोयता आणला. "बोल. तोडू?"

टेम्पोवाला घाई करत होता. शालूबाई खाली बसल्या आणि मुळाशेजारची माती बोटांनी उकरू लागल्या. मूळ कुठवर गेले आहे ते बघत होत्या. हात मनगटापर्यंत आत गेला तरी ते खाली जातच होते. त्या उठल्या, हात पदराला पुसले.

"कोयता ठेवा आत. ह्याची बदली हुणार न्हाय."

"आगं, पण नाव दिलंय की."

"गैरहजर लावा म्हणावं."

आकारामांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. टेम्पो गेला. मग त्यांनीच पक्कड आणून उरलेला पत्रा सोलून काढला. चाफा मोकळा उभा राहिला. मी खूप माणसांना बक्षिसे घेताना पाहिले आहे, पण त्या संध्याकाळी शालूबाई ज्या तऱ्हेने त्या खोडाशेजारी उभ्या होत्या, तसा रुबाब मला कुठल्या व्यासपीठावर दिसलेला नाही.

पहिला नंबर अर्थातच डेलियाचा आला. आम्ही बघायला गेलो होतो. "चांगला हाय," शालूबाई म्हणाल्या, "पण कुंडीतला." दुसऱ्या दिवशी इंगवले पेढे घेऊन आले आणि पेढे द्यायचे विसरून चाफ्याकडेच बघत राहिले. "माझ्या आख्ख्या बागेत असलं एक झाड न्हाय, अक्का," ते म्हणाले. शालूबाईंनी ओंजळभर फुले त्यांच्या हातात ठेवली.

आता रोज एखादा डबा रिकामा होतो आणि अंगणात एक खड्डा निघतो. बंगल्यांपाशी त्या अजूनही थांबतात, अजूनही जळतात. "असला अनंत आपल्याकडं बी पाहिजे," म्हणतात आणि जागा कुठली ते सांगतात.

काल फिरून परत येताना दिसले, की दोन अनोळखी बायका शालूबाईंच्या कुंपणापाशी उभ्या राहून वर बघत आहेत. फुले मागायची असणार. मी घाईने पुढे निघाले, तर शालूबाईंनी माझा हात धरला.

"थांबा की ताई. आधी बघू द्या पोटभर. मग देऊ फुलं."