काढणारा उजवा, खोडणारा डावा

आर्मां तेक्सिये उजव्या हाताने चित्रं काढायचा आणि डाव्या हाताने खोडायचा. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून माझा जन्म गेला, म्हणून मला ठाऊक. उजव्यात पेन्सिल, डाव्यात रबर. काम भराभर होतं, असं तो म्हणायचा. भराभर कसलं! एकेक नाक मालकांच्या पसंतीला उतरेपर्यंत बिचाऱ्याच्या नाकी नऊ यायचे.

मालक म्हणजे मोस्य व्हासर, 'गालिपो' ह्या चित्रकथेचे जनक. गालिपो हा आमच्या शारांत नदीवरचा नावाडी. बटाट्यासारखं नाक, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, पट्ट्यापट्ट्यांची बनियन आणि नावेत एक खडूस बोकड. त्या काळी ज्याच्या संडासातल्या फळीवर गालिपोचे दोन-चार भाग पडलेले नाहीत, असं घर सापडणं कठीण होतं. पैसा हाती आल्यावर मालक पॅरिस सोडून आमच्या गावाला आले, नदीकाठचं मोठं घर घेतलं आणि वरच्या मजल्यावर आम्हा दोघांना बसवलं. मालक गोष्ट सांगणार, आर्मां माणसं काढणार आणि मी, ओदेत्त रुलिये, रंग भरणार. कव्हरवर नाव मालकांचं. रीतच तशी होती. बेकरीच्या पाटीवरही भट्टीशी उभ्या असलेल्या माणसाचं नाव नसतं.

मालक वाईट नव्हते, पण हट्टी होते. माणूस कुठलाही असो, पाद्री असो की पोलीस, नाक एकाच झटक्यात यायला हवं आणि डोळे म्हणजे टिंबंच.

"डोळ्यात बुबुळ काढलंत की वाचक तिथे थांबतो," ते म्हणायचे. "थांबायचं नाही, तेक्सिये. पुढच्या चौकटीत जायचं!"

ते पॅरिसचे, त्यामुळे आमची थट्टा चालू असायचीच. "तुम्ही शारांतवाले गोगलगायी खाता आणि कामही गोगलगायीसारखंच करता." आर्मां मान खाली घालून हसायचा. पाच-सहा वर्षांत त्याला ते नाक इतकं जमलं, की मालकांनी काढलेलं कुठलं आणि आर्मांने काढलेलं कुठलं, हे मालकांनाही कळेना. ह्याला लोक कौतुक म्हणतात. मला तेव्हाही ते कौतुक वाटलं नव्हतं.

आम्ही दोघं शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिलो. त्याची बायको उगेत मात्र पहिल्याच दिवशी मला "अगं" म्हणाली. घरात घालायच्या लोकरी सपाता बनवणाऱ्या कारखान्यात ती शिवणावर होती. बोलायला तिखट आणि हसायला मोठी. सुई ओवताना एक डोळा गच्च मिटून दुसरा वटारायची, आणि ती सवय इतकी अंगात मुरलेली, की कुणाचं बोलणं पटलं नाही तरी तोंड तसंच व्हायचं. त्या हाताचं गुपित मला तिनेच सांगितलं, रविवारच्या जेवणावर, नवऱ्याच्या देखत.

"अगं, हा मूळचा डावखुरा. शाळेत बाई ह्याचा डावा हात ह्याच्याच मफलरने पाठीशी बांधायची. फळा पुसायचा असला की तेवढ्यापुरता सोडायची."

"उगेत, पुरे," आर्मां म्हणाला.

"का पुरे? अजून तेच चाललंय. लिहायचं उजव्याने आणि पुसायचं डाव्याने. भांडी पुसायलासुद्धा तोच हात पुढे येतो, बघ तू. बाईचे उपकारच म्हणायचे!"

आम्ही पिनोचे, आमच्याकडच्या गोड वाइनचे, पेले हातात घेऊन खूप हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे घरी जाताना माझ्या लक्षात आलं.

मालक वारले तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं. पण गालिपो संपला नाही. पॅरिसच्या प्रकाशनातून मोस्य ब्लांशार नावाचे गृहस्थ आले आणि म्हणाले, मालिका चालू राहील, कव्हरवर व्हासर हेच नाव राहील, आतल्या पानावर बारीक अक्षरात तेक्सिये. आर्मांने होकार दिला. मात्र त्याच बैठकीत त्याने खोलीच्या कोपऱ्यातून एक जाड पाकीट काढून ब्लांशारांच्या पुढ्यात ठेवलं. त्याचा बाप कागद गिरणीत होता. लगद्याच्या हौदाशी उभं राहून त्याची बोटं कायमची पांढरी पडली होती. त्या बापाची गोष्ट आर्मां कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी काढत बसला होता. मलाही त्याने त्यातलं एक पान कधी दाखवलं नव्हतं.

ब्लांशारांनी पानं नीट पाहिली. माणूस उद्धट नव्हता, ते मी मान्य करते.

"छान आहे," ते म्हणाले. "पण मोस्य तेक्सिये, हे सगळे गालिपोचे नातेवाईक दिसतात हो."

मी पुढे वाकून पाहिलं. बापाला बटाट्याचं नाक होतं. मुकादमाला तेच, आईलाही तेच. आणि सगळ्यांना टिंबाचे डोळे. आर्मांला ते आजवर दिसलंच नव्हतं. तो पानांकडे असा पाहत राहिला, की जणू कुणीतरी मागून येऊन ती बदलून ठेवली होती. मग पाकीट बंद केलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही. मला त्या दिवशी भयंकर राग आला, आणि तो ब्लांशारांचा नाही, आर्मांचा आला. एक शब्द तरी बोलायचा! नाहीतर पाकीट तरी फेकायचं!

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळी सारखी होती. दर वर्षी एक भाग. दर जानेवारीत अंगुलेमच्या चित्रकथांच्या जत्रेत तंबूखाली टेबल मांडून बसायचं. आमच्याकडे चित्रकाराने नुसती सही देऊन भागत नाही, पुस्तकाच्या कोऱ्या पानावर प्रत्येकाला चित्र काढून द्यावं लागतं, फुकट. लोक थंडीत पाय आपटत रांगेत उभे राहायचे आणि आर्मां एकामागून एक गालिपो काढून द्यायचा. तो त्याच्या हातचा मळ होता.

"मालकांसारखं हुबेहूब जमतं हो तुम्हाला!" लोक म्हणायचे.

"धन्यवाद," आर्मां म्हणायचा.

मग उगेत आजारी पडली. सपातांच्या लोकरीची धूळ इतकी वर्षं छातीत गेलेली, डॉक्टरांना शोधायला फार कष्ट पडले नाहीत. मी तिच्याकडे दुपारी जाऊन बसायची. एकदा आर्मां सूप घेऊन आला, तर ती त्याला म्हणाली, "ऐक रे. माझ्या थडग्यावर फोटो लावशील तर खबरदार. फोटोत मी माझ्या मेल्या आत्यासारखी दिसते. तू काढ मला."

"बरं."

"बरं नव्हे. मला काढ. गालिपोची बायको नको. जन्मभर दुसऱ्याचं काढलंस, आता एवढं एक माझं काढ."

"काढीन," तो म्हणाला. त्याने तिला शब्द दिला तेव्हा मी खोलीतच होते.

ती वसंतात गेली. बुसिरों पाथरवटाने ग्रॅनाइटचा दगड बसवला, नाव कोरलं आणि नावाच्या वर चेहऱ्यासाठी एक लंबगोल गुळगुळीत करून मोकळा ठेवला. तो मोकळाच राहिला. नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी सगळा गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात येतो, आणि येणारा प्रत्येक जण त्या रिकाम्या लंबगोलाकडे पाहायचा.

"एवढा मोठा चित्रकार," बेकरीतली मादाम पेल्तान मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आणि बायकोचं एक तोंड काढवत नाही."

त्याला काढवत नव्हतंच. मी पाहत होते ना! उगेतला काढायला बसला की हात आपला आपण वळायचा, ते नाक यायचं आणि ती टिंबं. हळू काढून पाहिलं, मोठ्या कागदावर पाहिलं, कोळशाने पाहिलं. दर वेळी कागदावर एक गोड, गुबगुबीत नावाडीण हसत उभी राहायची. डावा हात लगेच रबर घेऊन धावायचा. खोडून खोडून कागदाला भोक पडायचं. "दिसते मला, ओदेत्त," तो म्हणायचा. "डोळे मिटले की समोर असते. पेन्सिल टेकवली की मालक येतात."

त्याच्या प्रत्येक नाकात मीच तर लाल रंग भरला होता.

दोन-तीन हिवाळे असेच गेले आणि मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. आधी कपात, मग कागदावर. ब्लांशारांचा फोन आला. अगदी गोड बोलले, आणि गालिपो लील शहरातल्या एका नव्या चित्रकाराकडे गेला. मला वाटलं आर्मां खचेल. तो म्हणाला, "बरं झालं. आता हा हात माझ्या कामाला मोकळा." पण थरथरता हातसुद्धा तेच नाक काढायचा, फक्त वेडंवाकडं. हे कळलं त्या दिवशी मात्र तो टेबलावर डोकं ठेवून रडला. मीही रडले, त्याच्यासमोरच.

मी दर गुरुवारी पांढरा घेवडा शिजवून त्याच्याकडे डबा न्यायची. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी गेले तर हा कोरा कागद पुढे घेऊन बसलेला, गळ्यातला मफलर मांडीवर.

"ओदेत्त, जरा हा हात बांधा हो," तो म्हणाला.

"काय?"

"उजवा. खुर्चीच्या पाठीला. मोकळा असला की मध्ये मध्ये येतो. एकट्याला गाठ मारता येईना."

"आर्मां, हा काय पोरकटपणा?"

"बांधा म्हणतो ना!"

इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. मी बांधला. म्हाताऱ्याचा तो हात सुकलेला, हलका झाला होता आणि मफलरच्या आतही थरथरत होता. मला त्या शाळेतल्या बाईची आठवण आली आणि स्वतःची किळस वाटली. पण गाठ पक्की मारली.

त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली, मुठीत धरतात तशी. ह्या हाताला कुणी काही शिकवलंच नव्हतं. रेघ कागदावरून धडपडत निघाली. गालाची कड काढताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. एकदा त्याने पेन्सिल ठेवली आणि हसून म्हणाला, "ह्या हाताचं वय सातच राहिलंय हो." मग पुन्हा काढू लागला. घेवडा गार झाला, बाहेर अंधारून आलं, दिवा लावायलाही मी उठले नाही.

झालं तेव्हा त्याने कागद माझ्याकडे फिरवला. चेहरा एका बाजूला कलंडलेला. नाक चुकलेलं, पण ते कुणा दुसऱ्याचं नव्हतं. केस म्हणजे नुसत्या रेघोट्या. आणि डोळे. एक गच्च मिटलेला, दुसरा वटारलेला, बुबुळासकट. उगेत सुई ओवत होती. का आम्ही दोघं तिला पटलो नव्हतो, कोण जाणे.

"उजवी भुवई घसरलीय," तो म्हणाला. "खोडायला हवी."

पण रबर टेबलावर तसंच पडून होतं. खोडणारा हात चित्र काढत होता आणि दुसरा मी बांधून ठेवलेला. खोडायला हातच उरला नव्हता.

"राहू द्या," मी म्हटलं.

"राहू दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो कागद बुसिरोंकडे नेला. बुसिरोंने चष्मा कपाळावर चढवला. "वा, गोड आहे! नातवंडाने काढलंय वाटतं?"

तेक्सियेंना मूलबाळ नव्हतं, हे बुसिरों विसरला असावा. आर्मां शांतपणे म्हणाला, "हो. लहान मुलानेच काढलंय. जसंच्या तसं कोरा, सुधारू नका."

सर्व संतांच्या दिवशी लंबगोल भरलेला होता. मादाम पेल्तानने पाहिलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुढे गेली. आर्मां शेवंतीची कुंडी ठेवून बराच वेळ उभा राहिला. खूश दिसला का, म्हणाल तर नाही. दमलेला दिसला. मी विचारलं, आता गिरणीची गोष्ट काढणार का डाव्या हाताने? तो म्हणाला, "एका तोंडाला अख्खी दुपार लागली, ओदेत्त. बापाला आता कुठे पुरणार मी?" जानेवारीत, जत्रा अंगुलेमला ऐन भरात असताना तो न्यूमोनियाने गेला. त्याला उगेतशेजारीच ठेवला.

प्रकाशनाने काळ्या दगडाची मोठी पाटी पाठवली. तिच्यावर गालिपो टोपी काढून रडतोय, शेजारी बोकडही रडतोय, आणि खाली कोपऱ्यात, सवयीप्रमाणे, व्हासर यांची सही. उगेतच्या चेहऱ्याखाली सही नाही. करायचं आर्मांला सुचलंच नसणार, सवयच नव्हती.

आता लोक लांबून येतात, पुस्तकं घेऊन. गालिपोच्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी दगडावरचं शेवाळ घासत असते, म्हणून मलाच विचारतात. मागच्या नोव्हेंबरात एका भल्या माणसाने लंबगोलाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे? कुणा पोराने काढलंय का?"

"हो," मी म्हटलं. "कागद गिरणीतल्या तेक्सियेंच्या मुलाने."