अर्जावरचा दादाचा नंबर

हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मी आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात किंवा बेडकांच्या नोंदवहीत. शिवाय ज्याच्याबद्दल लिहितोय, त्यानेच माझी फी भरली. वाचणाऱ्यांनी आणि त्यानेही मला माफ करावं.

तो माझा मोठा भाऊ. वडनेरला त्याचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं. मी वर्धेजवळ सिंदी मेघेला खोली करून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. सरपटणारे आणि उभयचर प्राणी हा विषय मी घेतल्याचं सांगितलं, तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"उभयचर म्हंजे?"

"बेडूक, दादा."

"बेंडकं त आपल्या वावराच्या धुऱ्यावर फुकट भेटतात. त्याच्यासाठी वर्धेले फी कायले भरा लागते?"

सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर दुकानात माझं नाव 'बेंडकाचा डॉक्टर' पडलं. पण फी त्याने एकदाही चुकवली नाही.

आमच्या मॅडमनी पहिल्याच तासाला खरं ते सांगून टाकलं होतं. या विषयात नोकऱ्या थोड्या. वनखातं, एखादं संग्रहालय, सापाच्या विषावर औषध काढणारी प्रयोगशाळा, प्राध्यापकी, नाहीतर सर्वेक्षणाची कामं. ऐकून निम्मी मुलं मासे आणि रेशीम या विषयांकडे वळली. मी राहिलो. दिवाळीपर्यंत दर रविवारी आमच्या शेततळ्यावर जायचो. आईची चहाची गाळणी घेऊन डबक्यातली बेडकांची पिल्लं उचलायची, मोजायची, परत सोडायची. पाण्यावर झुकलेल्या झुडपाला झाडबेडकाने बांधलेलं फेसाचं घरटं मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. वर्गात त्याचं चित्र दाखवलं होतं, पण ते आपल्या बांधावर असेल असं मला वाटलंच नव्हतं.

शेवटच्या वर्षी मॅडमनी एका सर्वेक्षणाची जाहिरात दाखवली. विदर्भातल्या तळ्यांवरचे बेडूक, दोन वर्षांचं काम, पगार, आणि पुढे त्यावरच पीएच.डी. करता येईल असं. "तुझ्यासाठी मी शब्द टाकते," त्या म्हणाल्या. एवढा नेमका माझ्यासारख्यासाठी असलेला कागद मी आधी कधी पाहिला नव्हता.

अर्जावर नंबर दादाचा दिला. बारावीपासून प्रत्येक अर्जावर त्याचाच असायचा. माझं रिचार्ज संपायचं, सिम बदलायचं. त्याचा नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, म्हणजे पक्का. फॉर्म भरणाऱ्याच्या दुकानातून मी फोन करायचो, "दादा, ओटीपी सांग," आणि तो गिऱ्हाइकाला थांबवून एकेक आकडा मोठ्याने वाचायचा. माझं सगळं शिक्षण असं त्याच्या तोंडून पास होत गेलं.

मुलाखत नागपूरला झाली. स्वतः पाहिलेले बेडूक सांगा म्हणाले. मी नऊ सांगितले. पाचांची पुस्तकातली नावं आली, चारांची गावातलीच. ते हसले, पण चांगलं हसले. "फोनवर कळवू," म्हणाले.

परीक्षा संपवून मी घरी आलो. रोज संध्याकाळी दादा दुकानातून आला की विचारायचो.

"आला का फोन?"

"नाई रे. आला असता त तुले सांगतलं नसतं काय?"

महिना गेला. एकदा मी म्हणालो, मीच फोन करून विचारतो. तो म्हणाला, "काऊन लाचारी करतं? मोठ्या लोकायचं आधीच ठरलेलं असते. त्याईले पोरगं पाहिजे असतं त दहादा फोन केला असता." त्याच आठवड्यात त्याने दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली. त्यावर 'आणि बंधू' होतं. मला भरून आलं. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात बसायला लागलो.

दिवाळीनंतर गुणपत्रिका आणायला वर्धेला गेलो. मॅडम व्हरांड्यात भेटल्या. नमस्कार केला, तर त्या थांबल्याच नाहीत. मागे गेलो.

"नको होतं तर मला आधी सांगायचंस," त्या म्हणाल्या. "माझा शब्द वाया गेला. पुढच्या मुलांसाठी मी कुठल्या तोंडाने विचारू?"

"मॅडम, मले फोनच नाई आला." घाबरलो की माझ्या तोंडात गावचीच भाषा येते.

आता त्या थांबल्या. मग हळू बोलल्या. सर्वेक्षणवाल्यांनी फोन तीनदा केला होता. दोनदा सांगण्यात आलं की मुलगा घरी नाही. तिसऱ्यांदा त्यांनी निक्षून सांगितलं की आम्हाला मुलाशीच बोलायचंय. तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "मीच बोलून राह्यलो जी. मले हे काम नाई करायचं." जागा दुसऱ्याला गेली होती. फोन ठेवण्याआधी मी त्यांचे आभारही मानले होते म्हणे.