मागच्या चाकांवरचं वजन

बर्फात अडकायला डिग्री लागत नाही. मी दोन डिग्र्या घेऊन अडकलो.

अमेरिकेत ट्रॉयला मी एका कंपनीत ट्रकच्या डिफरन्शियलवर, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या भागावर, काम करत होतो आणि दोन हजार चारच्या हिवाळ्यात मोठ्या ऐटीत एक जुना पिकअप ट्रक घेतला. का? तर त्याला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल होतं! (मागचं एक चाक घसरायला लागलं, की ते ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवतं. हे मी बायकोला, मुलीला आणि एकदा पिझ्झा द्यायला आलेल्या माणसालाही समजावलं होतं.) आधीचे मालक, एक अमेरिकन आजोबा, मागच्या हौद्यात वाळूची सहा पोती ठेवून गेले होते. "बर्फासाठी," असं म्हणाले होते. मी मनातल्या मनात हसलो आणि मायलेज कमी होतं म्हणून सगळी वाळू मुलीला खेळायला परसात ओतून टाकली.

जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिळगुळाची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्या बायकोकडे, मेघनाकडे, आली होती. तीन दिवस खपून तिनं चारशे लाडू वळले. कार्यक्रम अकराचा, आणि सकाळी दार उघडतो तर फूटभर बर्फ!

"माझी कार नेऊ या का? स्नो टायर आहेत," मेघना म्हणाली.

"कार? घरात ट्रक असताना?"

माझे सासरे, नाना, नागपूरला चाळीस वर्षं ट्रकचं गॅरेज चालवून नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी छपराखाली उभ्या ट्रकच्या हौद्यात डोकावून पाहिलं.

"जावईबापू, मागं तर काहीच नाही. वजन टाका नं काही. रिकामी गाडी नाचते."

"नाना, तुमच्या काळी नाचत असेल! हिला लिमिटेड स्लिप आहे."

"असं काय," म्हणत ते लाडवांचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले.

कोपऱ्यावर वळताना मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. एक चाक घसरलं. डिफरन्शियलनं अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ताकद दुसऱ्याकडे पाठवली, आणि तेही घसरलं! साध्या ट्रकचं दुसरं चाक निदान गप्प राहून मागची बाजू धरून ठेवतं. आमची दोन्ही एकजुटीनं फिरत होती.

"बाबा, व्हाय आर वी गोइंग साइडवेज?" आठ वर्षांच्या रेवानं विचारलं.

"कंट्रोलमध्ये आहे!" मी ओरडलो.

ट्रक (कंट्रोलमध्ये) शेजाऱ्याच्या मेलबॉक्ससमोर आडवा झाला आणि मागची चाकं बर्फात रुतली.

"दहा चाळीस झालेत," मेघना म्हणाली. "साठ बायका वाट बघतायत. पहिल्यांदा काहीतरी हातात घेतलं होतं रे मी!" मला मनापासून लाज वाटली.

"नाना, काय करू?" मी शेवटी विचारलं.

नाना उतरले. त्यांनी चाकं पाहिली, हौदा पाहिला, मग मला आपादमस्तक न्याहाळलं.

"वजन किती तुमचं?"

"पंच्याण्णव किलो."

"मग बसा मागं. बरोबर चाकांच्या वर. मेघे, तू चालव. रेस जास्त देऊ नको."

मी कुडत्यावर जॅकेट चढवून हौद्यात बसलो. मेघनानं हलकेच गाडी पुढे घेतली आणि तो लबाड ट्रक शहाण्या पोरासारखा सरळ चालू लागला!

मोठ्या रस्त्यावरचा बर्फ काढलेला होता, म्हणून मला आत घेण्यात आलं. पण शाळेच्या आवारात शिरायला चढ होता आणि तिथं बर्फ तसाच. नानांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मुकाट्यानं उतरून मागे चढलो. हॉलच्या काचेच्या दारात काळ्या साड्या नेसलेल्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून, दोन्ही हातांनी हौद्याची कड घट्ट धरून, माझी मिरवणूक निघाली.

"अगं बाई, मागे कोणाला घालून आणलंस?" मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी विचारलं.

"नवरा आहे, काकू," मेघना म्हणाली. "डिफरन्शियल बनवतो."

लाडू अकराला पाच मिनिटं असताना पोचले आणि अर्ध्या तासात संपले. काकूंनी मेघनाची पाठ थोपटली, मेघनानं नानांना वाकून नमस्कार केला, आणि मला रेवानं कपड्यांवरचा बर्फ झटकायला मदत केली.

हल्ली बर्फ पडला, की मेघना हवामानाची बातमी बघत बसत नाही. माझ्या ताटात दोन पराठे जास्तीचे वाढते आणि म्हणते, "पोटभर खा रे, आज बाहेर पडायचंय."