नाकवालीचा कौल

"बिघडलेला मासा मला लांबूनच हाक मारतो," असं ती एकदा म्हणाली होती. सून तेव्हा घरात नवी होती आणि सासूबाईंचं काम बघायला म्हणून लिलावाच्या शेडमध्ये आली होती. पेट्यांच्या रांगेतून चालता चालता सासू थांबली, वळली आणि मागे राहिलेल्या एका पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यातला अगदी तळाचा काढ." वरचे मासे चकचकीत होते. तळाचा निघाला तो पोट मऊ पडलेला. पेटीचा मालक ओशाळून म्हणाला, "बाई, तुझ्या नाकाला सरकारनं पगार द्यायला हवा."

"सरकारला परवडायचा नाही," ती म्हणाली आणि पुढे गेली.

बंदरावर सगळे तिला नाकवाली म्हणत. घेणाऱ्यांच्या वतीनं माल पारखायचा, हे तिचं काम. नवरा तरुणपणीच गेला. त्या एका नाकाच्या जोरावर तिनं मुलगा वाढवला, दोन खोल्या बांधल्या आणि कुणाच्या मिंधेपणात राहिली नाही. शेजारणी म्हणायच्या, फार नाकानं कांदे सोलते. ती म्हणायची, "सोलते की. पण आधी वास घेऊन बघते."

मग ते जहाज खडकावर चढलं आणि त्याच्या पोटातलं तेल खाडीत आलं. सुनेच्या लक्षात राहिला तो काळा रंग नव्हे, शांतता. लाटा येत होत्या आणि आवाज होत नव्हता. कुणीतरी समुद्राच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटत होतं. मासेमारी बंद झाली. खाडी बंद असेपर्यंत जहाजाच्या कंपनीनं घरटी रोजचा भत्ता द्यायचा, असं ठरलं. मुलाला बसून खाणं जमेना. तो लांबच्या बंदरावर दुसऱ्याच्या बोटीवर कामाला गेला आणि फोनमधला आवाज होऊन राहिला. त्याचं बाळ त्या आवाजाला ओळखायचं. चेहरा विसरलं होतं.

किनाऱ्यावरचे दगड धुवायला माणसं हवी होती. नाकवाली गेली. कसलंसं झोंबणारं औषध फवारायचं, ब्रशनं घासायचं, पुन्हा फवारायचं. तोंडाला बांधायला जाड मुखपट्टी मिळाली होती. बाकीच्यांनी ती बांधली. हिनं पहिल्याच दिवशी गळ्यात ओढून घेतली. मुकादम ओरडला, तेव्हा म्हणाली, "नाक झाकलं की मला आंधळ्यासारखं होतं रे. कुठला दगड धुतला गेला आणि कुठला नाही, ते कशानं बघू?" दगड संपेपर्यंत ती तशीच घासत राहिली, उघड्या नाकानं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी सून दुकानातून परत आली तेव्हा तिला दारातच वास आला. बाळानं लंगोट भरून ठेवला होता आणि ते आजीच्या मांडीवर खुशाल खेळत होतं. आजी त्याच्या टाळूला नाक लावून बसली होती. श्वास ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची.

"आई, बाळानं केलंय."

"हो का?" सासूनं मान वर केली. पूर्वी ही बाई उंबऱ्याबाहेरून सांगायची.

सुनेनं बाळ धुतलं, पुसलं, निजवलं आणि मग विचारलं, "कधीपासून?"

"दगड धुतल्यापासून."

"डॉक्टरकडे जाऊ या."

"डॉक्टरला कळलं की बंदराला कळलं. माझ्या भाच्याला कळलं तर तो मला व्यासपीठावर उभी करील. दिराला कळलं तर तो म्हणेल, वय झालं. आणि मग मी कोण?" तिनं निजलेल्या बाळाकडे पाहिलं. "ह्याच्या टाळूला कसा वास येतो गं?"

"दुधासारखा."

"दुधाचा सगळ्यांच्याच येतो. ह्याचा सांग."

सुनेनं निजलेल्या बाळावर वाकून पाहिलं. पण वासाला शब्द कुठून आणायचे? "उन्हात वाळलेल्या कपड्यासारखा," ती म्हणाली. सासूनं मान हलवली. पत्ता समजला पण तिथे जाता येणार नाही, अशी.

इकडे खाडीवरून गावात दोन तट पडले होते, आणि दोन्ही तट नाकवालीच्या स्वयंपाकघरात येऊन भांडायचे. दीर सत्तेतल्या पक्षाचा, बंदर समितीवर. भाचा विरोधी पक्षातला, माइक हातात आला की न सोडणारा.

"खाडी स्वच्छ झालीय," दीर म्हणायचा. "उघडायची, कंपनीकडून शेवटची रक्कम घ्यायची आणि कामाला लागायचं. बसून हात आखडलेत सगळ्यांचे."

"तुमचे कसे आखडतील, काका? मंत्री आले की टाळ्या वाजवायचा व्यायाम होतोच."

"आणि तुला निवडणुकीपर्यंत खाडी घाणच हवी. स्वच्छ झाली तर भाषण कशावर करशील?"

"ज्यानं घाण केली त्यानं पैसे भरावेत, एवढंच म्हणतोय. साफसफाईचा खर्च सरकारनं आमच्या करातून का दिला? आणि आज खाडी उघडली की कंपनी सुटली. उद्या काही निघालं तर विचारायचं कुणाला?"

"फार पिळलंस तर कंपनी इथला तेल उतरवायचा धक्का बंद करून जाईल. मग कर भरायला माणसं कुठून आणणार आहेस?"

"भावजी, चहा गार होतोय," नाकवाली म्हणायची. "आणि तू रे, टेबल बडवू नकोस, बाळ झोपलंय."

तपासणीचे दोन अहवाल आले. एकात खाडी स्वच्छ होती, दुसऱ्यात नव्हती. ज्याला जो सोयीचा त्यानं तो हातात धरला. शेवटी एकाच गोष्टीवर दोघांचं जमलं. खाडीतला मासा सगळ्यांसमोर शिजवायचा आणि नाकवालीनं सांगायचं. तिचा शब्द दोन्हीकडच्यांना मान्य. कंपनीचा माणूसही हो म्हणाला. नाही म्हणायला तिला कारण सापडलं नाही; खरं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

आदल्या दिवशी दोघी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सून म्हणाली, "आई, मी पुढच्या रांगेत बसते. तेलाचा वास नसेल तर केसांवरून हात फिरवीन. असेल तर हात मांडीवरच ठेवीन."

"म्हणजे मी तुझ्या नाकानं बोलू?"

"माझं नाक काय परकं आहे?"

सासू हसली. हसू फार टिकलं नाही. सुनेनं एक घडी मोडून पुन्हा घातली आणि खाली बघत म्हणाली, "खाडी उघडली तर हे घरी येतील."

"मला का ते कळत नाही? माझाच आहे तो."

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. समोर टेबलावर शेगडी, शेगडीवर झाकण ठेवलेलं पातेलं. एका बाजूला दीर, दुसऱ्या बाजूला भाचा, खिडकीशी कंपनीचा माणूस. नाकवाली धुतलेले कपडे घालून, केस घट्ट बांधून आली होती. लोक तिला वाट करून देत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "आता दूध का दूध होईल." सून पुढच्या रांगेत, बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

नाकवालीनं झाकण उचललं. वाफ वर गेली, पसरली, पहिल्या रांगेपर्यंत आली. आधी शिजलेल्या माशाचा वास आला, गोडसर. त्याच्या मागोमाग तेलाचा तो वास आला. सासूच्या कामाच्या कपड्यांमधून कितीदा धुऊनही न गेलेला. फार नव्हता, पण होता. सुनेचं नाक आपोआप आक्रसलं.

मग तिला फोनमधला आवाज आठवला. मांडीवरचं बाळ आठवायची गरज नव्हती, ते तिथेच होतं, जड आणि उबदार. तिचा हात वर गेला आणि केसांवरून फिरला.

सासू पातेल्यात बघतच नव्हती. वाफेतून ती सुनेकडे बघत होती. आक्रसलेलं नाक तिनं पाहिलं होतं. नंतर उठलेला हातही पाहिला.

"वहिनी, सांगून टाका," दीर म्हणाला.

"आत्या, कुणाला भिऊ नकोस," भाचा म्हणाला.

ती तशीच वाकून उभी राहिली. वाफेनं तिचा चेहरा ओला झाला होता, हनुवटीवरून थेंब टेबलावर पडत होते. सुनेनं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, पण आता त्या हाताला काही अर्थ राहिला नव्हता.

नाकवालीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. शेगडी बंद केली. बाहीनं तोंड पुसलं आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालू लागली. सुनेजवळून जाताना तिनं मान वळवली नाही.

"बघितलंत? घाण असती तर बोलली असती," दीर मोठ्यानं म्हणाला.

"स्वच्छ असती तर बोलली असती," भाच्यानं माइक ओढून घेतला.

सभागृह पुन्हा भांडायला लागलं. सून बाळाला घेऊन अर्धवट उठली, तिनं "आई" अशी हाक मारली. ती हाक त्या गलक्यात कुणालाच ऐकू आली नाही, किंवा एकीला आली असेल. नाकवालीनं दार ढकललं आणि ती बाहेर निघून गेली.