मुक्या मैदानाचे कांतोकु

घटनाक्रम आधी नोंदवतो. ईशान्य जपानच्या भूकंपानंतरचे चौथे वर्ष, चेरी फुलण्याचा सुमार: नदीकाठच्या मैदानावर मुलांनी ओरडू नये, असा फलक लागला. जबाबदार, मैदान समिती. त्याच वर्षी, पावसाळा सरताना: दोन मुले एकमेकांवर आदळली. जबाबदार, तोच फलक. पाने पिवळी पडताना: आमच्या संघाला मैदान बंद. जबाबदार, पुन्हा समिती, आणि जिच्या तक्रारीवरून हे सारे सुरू झाले ती एक व्यक्ती. या यादीत ज्यांचे नाव कुठेही बसत नाही, त्यांनीच सगळा दोष स्वतःकडे घेतला. हे लेखन त्यांच्याविषयी आहे.

त्यांना आम्ही कांतोकु म्हणत असू, म्हणजे बेसबॉल संघाचे प्रशिक्षक. पेशाने ते पाद्री. ईशान्येच्या किनाऱ्यावरचे त्यांचे चर्च त्सुनामीने नेले, तेव्हा बेघर झालेल्या कुटुंबांच्या मागोमाग ते टोकियोत आले आणि आम्ही भारतीय राहतो त्या निशी-कसाई भागात एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या खोलीत प्रार्थना घेऊ लागले. त्या खोलीला कायम इस्त्रीच्या वाफेचा वास येई. रविवारी सकाळी तिथे मोजकी म्हातारी माणसे असत. दुपारी मात्र मैदानावर मुलांची झुंबड. ईशान्येकडून आलेली, बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानांत राबणाऱ्या फिलिपिनो आयांची, आणि आमची, पुण्या-मुंबईच्या संगणकवाल्यांची.

माझा नातू नील तिकडे जाऊ लागला, तेव्हा मी रीतसर पत्र लिहून विचारले की आपण या मुलाचे धर्मांतर करण्याचा विचार बाळगता काय. पेटंटच्या कचेरीत हयात घालवलेला माणूस मी. प्रश्न कलमवार घातले होते. कांतोकु पत्र घेऊन स्वतः दारात आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "आपटे-सान, मुलगा डावीकडच्या चेंडूला घाबरतो. प्रयत्न करीन, पण शॉर्टस्टॉपच्या जागेपुढे त्याला नेणं मला जमेल असं वाटत नाही."

त्यांचे मैदानावरचे एकच पालुपद होते: "आवाज!" चेंडू उंच उडाला की ज्याला तो झेलायचा आहे त्याने "ओराय", म्हणजे 'माझा', असे ओरडलेच पाहिजे, म्हणजे बाकीचे थांबतात. बाकावर बसलेल्यांनीही गप्प राहायचे नाही. एवढा आग्रह कशासाठी, असे मी एकदा विचारले. "लाटेनंतर आम्ही हाका मारत फिरत होतो," ते म्हणाले. "ज्यांनी ओ दिली त्यांच्यापर्यंत पोचलो." वाक्य तिथेच सोडून ते खेळपट्टीवरून दाताळे ओढू लागले. खेळ संपल्यावर माती सारखी करायची आणि मैदानाला वाकून नमस्कार करायचा, हा तिथला नेम. घरी माझ्या प्रश्नांना जपानीत हुंकार देणारा नील त्या मैदानावर साऱ्या नदीला ऐकू जाईल असा ओरडत असे.

मग तो फलक लागला. मी त्याच संध्याकाळी मसुदा तयार केला: कोणत्या नियमाखाली, कोणाच्या तक्रारीवरून. कांतोकुंनी तो आदराने वाचला आणि परत केला.

"पत्र नको. मी जाऊन माफी मागतो."

"कसली माफी? मुलं खेळतात याची?"

"कोणाची तरी झोप मोडली, याची."

बिस्किटांचा डबा काखेत मारून ते समोरच्या इमारतींतले एकेक दार हिंडले. परतल्यावर मी तक्रारदाराचे नाव विचारले. ते हसले. "घरात बोलावलं त्यांनी. रात्रभर अमेरिकेसाठी काम करतात, दिवसा झोपतात. बिचारे फार थकलेले होते. चहात आलं घातलं होतं. छान होता." नाव सांगितले नाही. पण आले घातलेला चहा त्या इमारतींत कोण करतो, हे मला कळते. तक्रारदार आपल्यापैकीच आहे.

त्यानंतर मुले मुक्याने खेळू लागली. कांतोकुंनी त्यांना हाताच्या खुणा शिकवल्या. पण आकाशाकडे डोळे लावून धावणाऱ्याला खुणा दिसत नाहीत. उंच चेंडूखाली नील आणि त्याचा मित्र, दोघेही धावले, दोघेही गप्प. नीलच्या खांद्याचे हाड मोडले. इस्पितळात तो मला चक्क मराठीत म्हणाला, "चेंडू माझाच होता, आजोबा. पण ओरडायचं नव्हतं ना."

आणि समितीने काय करावे? खेळ धोकादायक ठरवून मैदान बंद केले! आवाज यांनीच बंद केला, आणि त्यातून झालेला अपघात यांनीच पुरावा म्हणून मांडला. मी बैठकीत उभा राहून हेच म्हणत होतो, तेव्हा कांतोकुंनी माझी बाही ओढली. "बसा, आपटे-सान." मग स्वतः उठले, टेबलाला कपाळ टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, "चूक सर्वस्वी माझी. मी राजीनामा देतो. मुलांना मैदान तेवढं द्या." अध्यक्ष म्हणाले की तक्रारदार स्वतः येऊन हरकत नाही म्हणाला, तर विचार करू. तो आला नाही.

कांतोकु ईशान्येला परत गेले. फलाटावर मी म्हणालो, "नाव सांगा, मी त्याला सभ्य भाषेत लिहीन." ते म्हणाले, "तुमची सभ्य भाषा मी वाचली आहे. झोपू द्या त्यांना." गेल्या हिवाळ्यात ते वारले. बातमी त्यांच्या बहिणीने फोनवर दिली. शेवटी आवाज अगदी खोल गेला होता, म्हणाली.

मी थकलो आहे. समितीला पाठवलेल्या पत्रांना पोच येते, उत्तर येत नाही. मुले सायकल तळामागे चेंडू झेलतात, तेही हळूच. म्हणून आता समितीला नव्हे, आपल्या मराठी मंडळाच्या या अंकातून त्या मराठी वाचणाऱ्या गृहस्थाला विचारतो. कांतोकुंनी तुमचे नाव शेवटपर्यंत झाकले. ते नाव आता आपणच सांगावे. येत्या रविवारी दुपारी मैदानाच्या बांधावर या. पत्र पाठवू नका. मला पत्रांचा वीट आला आहे. तक्रार कायम आहे की मागे घेता, ते सर्वांदेखत, मोठ्या आवाजात सांगा. व्यत्यय येणार नाही. मुले गप्प उभी राहतील. ती सवय त्यांना लागली आहे.