उतरल्यावरचा एकच प्रश्न

माझ्या सासऱ्यांशी कुणीही बोलायला बसलं, की चहा गार व्हायच्या आत विमान यायचं. समोर कोण आहे याचं त्यांना काही नसायचं. सिंगापुरात यिशुनमधल्या आमच्या ब्लॉकखाली दुपारभर पत्ते कुटणारे चिनी आजोबा असोत, नाहीतर गणपतीला भेटलेली बँकेतली पोरं असोत, सगळ्यांना तेच विमान. आवाजही कमी करायचं नाव नाही. जन्मभर इंजिनांजवळ उभं राहून कान अर्धे गेलेत, त्यामुळे बाबा कुजबुजले तरी लिफ्टपर्यंत ऐकू जातं.

दीनानाथ ओगले त्यांचं नाव. मिरजेहून अठराव्या वर्षी हवाई दलात गेले ते अगदी खालच्या पदावर, आणि इंजिन फिटर म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची बरीच वर्षं उत्तरेतल्या एका तळावर मिग-पंचवीसवर काढली. त्या विमानाबद्दल मी इतकं ऐकलंय, की आता झोपेतून उठवलंत तरी सांगेन. रशियनांनी ते बांधायला घेतलं ते अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांना गाठण्यासाठी. अमेरिकेने ती विमानं बांधायचंच सोडून दिलं, पण हे तयार झालंच. मग त्याच्या नाकात कॅमेरे बसवले आणि त्याला शत्रूचे फोटो काढायला पाठवू लागले. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, केवढं चपळ, केवढं अजिंक्य यंत्र! पुढे एक रशियन वैमानिक एक मिग घेऊन जपानला पळाला. तिथे तज्ज्ञांनी ते उघडलं, तर आत बहुतेक सगळं पोलाद, हातांनी जोडलेलं, आणि जुन्या रेडिओत असायचे तसले व्हॉल्व्ह.

तज्ज्ञ हसले म्हणे. बाबांना अजून त्याचा राग येतो. त्या वेगाला हवा घासून अंगाचा तवा होतो, अॅल्युमिनियम कसं टिकणार, म्हणून पोलाद. टायटॅनियम जोडायला अवघड, म्हणूनही पोलाद. आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेग आणि इतकी उंची, की भर दुपारी वर आभाळ काळं दिसतं. बंदूक नाही, काही नाही. एकटं जायचं, बघायचं आणि कुणी धरायच्या आत परत यायचं. वेगाच्या काट्यावर एक मर्यादा ठरलेली असे. इंजिनात त्यापुढे जायची ताकद असे, पण गेलं की ते इंजिन भंगारात. "ते तुम्हाला नाही म्हणत नाही," बाबा सांगायचे, "फक्त आतून जळून जातं."

पण या गोष्टीतला खरा भाग विमान उतरल्यानंतरचा आहे. ते उतरलं की लगेच हात लावायचा नाही. सगळे थोडं लांब उभे, आणि निवणारं पोलाद टिकटिक आवाज करतंय. मग आधी कॅमेऱ्यातली फिल्म काढून पळवायची आणि नंतर वैमानिकाला खाली घ्यायचं. त्याला जमिनीवरच्या माणसांनी एकच प्रश्न विचारायचा, मशीन ठीक? तो ठीक म्हणाला की संपलं. कुठे गेला होता, काय पाहिलं, उशीर का झाला, चेहरा असा का, अवाक्षर काढायचं नाही. नवे असताना बाबांनी एकदा एका वैमानिकाला सहज विचारलं होतं, साहेब, आज लांब गेला होतात का? त्यांच्या वॉरंट ऑफिसरने त्यांना हँगरमागे नेऊन असं काही झापलं, की बाबांनी कानाला खडा लावला. ज्याला सांगायचं त्याला तो सांगेल, आपण यंत्र बघायचं.

तळावर हा नियम ठीकच होता. पण बाबांनी तो घरी आणला. माझ्या सासूबाई, सुनेत्राताई, हसत म्हणायच्या, माझी बाळंतपणं झाली तेव्हाही हे दारात उभं राहून "सगळं ठीक?" एवढंच विचारून गेले. माझा नवरा अंकुर त्याच वळणावर वाढला. त्या घरात न विचारणं हीच माया होती. मी मुंबईतल्या चाळीतली, आमच्याकडे शेजारच्यांनाही आपण काल काय जेवलो ते ठाऊक असायचं. सुरुवातीला मला वाटलं, काय शांत, समजूतदार माणसं आहेत.

सुनेत्राताई गेल्यावर बाबा आमच्याकडे सिंगापूरला आले. अंकुर एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, कामाला बैल. रात्री दार उघडून आत आला, की बाबा सोफ्यावरून मान वर करायचे. "ठीक?" "ठीक." झालं बापलेकांचं बोलणं. आमची गार्गी त्यांची नक्कल करायची. तेरा वर्षांची पोर, इथल्या शाळेतली, म्हणायची, "आई, they are like two robots lah."

गेल्या वर्षी बाबांनी नवीनच सुरू केलं. पहाटे उठून अंकुरचे बूट पॉलिश करायचे, लॅपटॉपची बॅग पुसायची, बाटली भरायची आणि डब्याशेजारी त्याची ब्लडप्रेशरची गोळी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची. मी चेष्टेत म्हटलं, बाबा, आता इंधनही भरा. ते हसले नाहीत. अंकुर पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत जरा वेळ उभा राहिला आणि गेला.

मार्चमधल्या एका मंगळवारी मला ऑफिसात हॉस्पिटलमधून फोन आला. तुमच्या नवऱ्याला पुलाउ उबीनहून आणलंय, स्ट्रोक आहे. मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. मंगळवारी भरदुपारी माझा नवरा त्या बेटावर कशाला जाईल? आम्ही तिथे रविवारी सायकली चालवायला जातो. त्या बाईंनी शांतपणे त्याच्या पाकिटातलं नाव वाचून दाखवलं. टॅक्सीत बसून मी त्याच्या कंपनीत फोन लावला. तिकडच्या मुलीने मला त्याचं नाव पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, मॅडम, ते गेल्या सप्टेंबरपासून इथे नाहीत.

सप्टेंबर! अख्खा त्यांचा विभाग बंद झाला होता. आणि हा माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून, मी केलेला डबा घेऊन घरातून निघत होता. घरखर्चाचे पैसेही महिन्याच्या महिन्याला देत होता, साठवलेल्यातले. दिवाळीला मी त्याला म्हटलं होतं, तुझ्या ऑफिससाठी चकल्या वेगळ्या काढल्यात. त्याने त्या नेल्या होत्या. कुणाला दिल्या असतील?

त्या दिवशी तो उबीनच्या जेट्टीपासून आत, एका बंद घराच्या ओट्यावर बसला होता. तिथेच कोसळला. कामाच्या दिवशी त्या वाटेला कुणी फिरकत नाही. सायकलवरून आलेल्या दोन पोरांनी त्याला पाहिलं तोवर बराच वेळ गेला होता, वर ती बोट, मग अॅम्ब्युलन्स. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. मी त्यांना काय सांगणार, तो कुठे असतो हे मलाच माहीत नव्हतं.

कपडे न्यायला मी घरी आले. बाबा दारातच उभे होते. मी ओरडून, त्यांच्या कानाशी, सगळं सांगितलं. ते खाली बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हणजे आता उबीनला जायला लागला होता का? आधी बिशानला बसायचा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांनी त्याला ऑक्टोबरमध्येच पाहिलं होतं. ते बिशानच्या पार्कात फिरायला गेले होते. कालव्याकाठच्या बाकावर अंकुर, मांडीवर डबा, बॅग शेजारी. बाबा झाडाआड थांबले आणि मागच्या मागे परतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, खात्री करायला. तो तिथेच. तेव्हापासून बूट, तेव्हापासून बाटली. एवढंच नाही. रात्री बॅगेतून डबा काढताना त्यांना फॉइलमधल्या गोळ्या तशाच सापडायच्या, न घेतलेल्या. त्या काढून ते डबीत ठेवायचे आणि सकाळी नवी गुंडाळायचे.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही बाप आहात की पहारेकरी, इथपर्यंत गेले. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, आणि बूट कसले पुसत होतात? मला सांगायचं होतंत. नाहीतर त्याच्या शेजारी जाऊन बसायचं होतंत बाकावर! बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी ऐकू न येणारा माणूस, पण त्या दिवशी माझा एकही शब्द त्यांना दोनदा सांगावा लागला नाही.

"मला वाटलं, तो सांगेल," ते म्हणाले. "विचारलं असतं तर त्याची मान खाली गेली असती. रोज परत येत होता ना, अरुणा. मी तेवढंच बघत होतो."

मला त्यांचा खूनच करावासा वाटत होता, आणि ते रडत होते. मी अंकुरचे दोन शर्ट पिशवीत कोंबले आणि त्यांना हाताला धरून टॅक्सीत घातलं.

अंकुर वाचला. उजवं अंग गेलंय आणि भाषा गेलीय. समजतं बरंचसं, पण शब्द सापडत नाही. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, अशा आजारात कधीकधी एखादाच शब्द उरतो, जो रोज तोंडात असायचा तो, आणि माणूस प्रत्येक गोष्टीला तोच म्हणतो. अंकुरचा कोणता उरला असेल हे तुम्हाला सांगायला नकोच. नर्सने नाव विचारलं, तो म्हणाला, "ठीक." मी विचारलं, दुखतंय का रे? "ठीक." गार्गीने त्याचा चांगला हात धरून विचारलं, पप्पा, मी कोण? तो तिच्याकडे बघत राहिला, ओठ वाकडे झाले, डोळे भरले, आणि तेच आलं. पोर बाहेर पळाली.

बाबांना ते ऐकू गेलं नव्हतं, ओठांवरून कळलं. ते खूप वेळ भिंतीला टेकून उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढली, अंकुरच्या डाव्या बाजूला ठेवली आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

"कुठे जायचास रे?" त्यांनी विचारलं. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"ठीक."

"चकल्या कुणाला दिल्यास?"

"ठीक."

"आमची भीती वाटत होती का तुला?"

अंकुरचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी पुढे झाले, म्हटलं, बाबा, पुरे, छळू नका त्याला. त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"ठीक," अंकुर म्हणाला.

"नाही," बाबा म्हणाले. "ठीक नाहीये. मला दिसत होतं ते. तू सांग."

या गोष्टीला आता पाच महिने झाले. अंकुर घरी आहे, हॉलमध्ये त्याचा पलंग लावलाय. माझा बाबांवरचा राग गेलेला नाही, तो जाणारही नाही, पण त्यांचा चहा मीच करते. विमानाचं ते आता कुणाला सांगत नाहीत. पत्ते खेळणाऱ्या आजोबांनी मध्ये मुद्दाम विचारलं, तर हात हलवून वर निघून आले. रोज संध्याकाळी, अंकुर दार उघडून आत यायचा त्या वेळेला, ते त्याच्या डाव्या बाजूला खुर्ची घेतात आणि विचारतात, कुठे गेला होतास, काय पाहिलंस, उशीर का झाला.

तो म्हणतो, ठीक.

बाबा मान हलवतात आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतात.