ओट्याची उंची

एका मंगळवारी सकाळी माझे पती वारले. ते ओट्यापाशी उभे होते. गॅसवर भाजी होती. मी गॅस बंद केला आणि शेजारच्या जाऊबाईंना हाक मारली. दवाखान्याची गाडी आली तेव्हा ते गेलेले होते.

आमच्या घरात स्वयंपाक ते करत. मी बारामतीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि आम्ही राहायला सणसरजवळ, आमच्या शेतावर. एसटी धरायची म्हणजे उजाडतानाच घर सोडावं लागे. लग्नानंतर काही वर्षं मी पहाटे उठून सगळं करून जात असे. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांना वेळच्या वेळी मऊ काहीतरी करून घालायला घरात माणूस हवं होतं, आणि ते शेतातून मधेच येऊ शकत होते. आधी मुगाची खिचडी जमली, मग भाजी, मग भाकरी. सासूबाई गेल्यावर मी पुन्हा पदर खोचला, तर ते म्हणाले, राहू दे, आता माझा हात बसलाय. तसंच राहिलं. गावात थट्टा व्हायची. पारावर कुणीतरी हमखास विचारी, तात्या, आज कालवण काय? ते शांतपणे सांगत, वर मसाला कसा भाजला तेही सांगत. शेवटी विचारणाराच कंटाळून उठे.

लेकीचं लग्न झाल्यावर आम्ही शेतावरच नवं घर बांधायला घेतलं. एकदाच करायचं आणि टिकेल असं करायचं, हा त्यांचा हट्ट. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतींनाही भेगा पाडते. त्यांनी पायातली काळी माती पार काढायला लावली आणि मुरूम भरून चोपून घेतला. लोक म्हणाले, तात्यांनी निम्मं घर जमिनीतच पुरलं. मागच्या अंगणात गुळगुळीत टाइल्स नकोत, ओल्या पायाने माणूस घसरतं, म्हणून खरबरीत शहाबादी फरशी आणली. फरशांच्या मधल्या फटींत सिमेंट न भरता माती ठेवली, म्हणजे पाणी मुरेल. भांडी घासायचं पाणी पाटाने अळूच्या वाफ्यात आणि पुढे केळीला सोडलं. फळ्यांना वाळवी लागते म्हणून मांडणी कडप्प्याची केली.

सगळ्यात जास्त वेळ ओट्याने घेतला. बारामतीच्या फरशीच्या दुकानातून ते निरनिराळ्या दगडांचे तुकडे घेऊन आले, अंगणात मांडले आणि प्रत्येकावर लिंबू, चिंचेचं पाणी, हळद आणि तेल घालून ठेवलं. मी ग्रंथालयातून दगडांवरचं एक पुस्तक आणून त्यांना वाचून दाखवत होते. पुस्तकात जे होतं तेच अंगणात घडलं. पांढऱ्या संगमरवराला लिंबाने खाल्लं, हळद आत मुरली. कडप्पाही लिंबाखाली फिका पडला. काळा ग्रॅनाइट पुसला की होता तसा. तरी दुकानात जाऊन त्यांनी एकेका लादीवर पाणी ओतून, आडवं वाकून, उन्हाकडे धरून पाहिलं. दुकानदार भाई शेवटी म्हणाले, "तात्या, दगड घेताय का जावई बघताय?"

"जावई बघताना एवढा वेळ कुठं मिळाला," ते म्हणाले.

आमच्याकडे ओटा घालायच्या आधी घरातल्या बाईला भिंतीशी उभं करतात. तिने हात कोपरात वाकवायचा. कोपराखाली चार बोटं सोडून मिस्त्री खूण करतो. तेवढी ओट्याची उंची. मिस्त्री मला शोधत बाहेर आला तर ते आधीच भिंतीशी हात वाकवून उभे. मिस्त्री हसून म्हणाला, "तात्या, वैनींचं माप घ्यायचंय. तुमचं कशाला?"

"माझंच घ्या. भाकऱ्या मी थापतो."

ते चांगलेच उंच होते. मी त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. मी मागच्या दारात खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचायची आणि ते कांदा चिरता चिरता ऐकायचे. निवृत्त झाल्यावर सकाळचा सगळा वेळ असा जाऊ लागला. त्याला वर्षही झालं नव्हतं.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे परतले. जाऊबाई दोन्ही वेळचा डबा पाठवत होत्या. एक दिवस मी त्यांना सांगितलं की आता माझं मी करीन. ओट्यापाशी उभी राहिले, आणि तो माझ्या बरगड्यांना लागला. वर शेगडी, शेगडीवर कढई. कढईत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, वासावरून ओळखावं लागत होतं. कणीक मळायची तर खांदे कानाशी यायचे. फोडणी तडतडली की थेंब हनुवटीवर. चहापुरता तो ओटा मला कधी उंच वाटला नव्हता. चहाला असं कितीसं उभं राहावं लागतं?

मी पायाखाली पाट घेतला. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि दारातूनच म्हणाल्या, "अगं, पाटावर जेवायला बसत्यात, चढत न्हाईत." पाट नको म्हणून विटा मांडून त्यावर फळी टाकली. त्या फळीवरून एकदा पातेलं उतरवताना माझा तोल गेला आणि डाळ डाव्या पायावर सांडली. फार नाही, पण चालता येईना.

लेक पुण्याहून धावत आली. तिने पायाला मलम लावलं आणि मग ओट्याकडे वळली. तिचं म्हणणं सरळ होतं. एक तर हा ओटा फोडून टाकायचा आणि माझ्या मापाचं तयार स्वयंपाकघर बसवून घ्यायचं, चार दिवसांत होतं. नाहीतर घराला कुलूप लावून तिच्याकडे राहायला जायचं. एकटीने रोज त्या फळीवर चढायचं, हे ती चालू देणार नव्हती.

"आई, तो दगड आहे गं," ती म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. पण तो दगड त्यांनी उन्हाकडे धरून पाहिलेला होता. फोडला तर त्यांचा ओटा जाणार, ठेवला तर माझं घर जाणार. शंभर वर्षं टिकेल असं ते म्हणायचे. कुणासाठी, ते आमच्या दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

पाय बरा होईपर्यंत भाऊ मला माहेरी, पळसदेवला घेऊन गेला. उन्हाळ्याचे दिवस होते, उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं आणि त्यात बुडालेलं जुनं देऊळ वर आलं होतं. लोक गाड्या करून ते बघायला येत होते. मी कुठे गेले नाही. भावाच्या ओसरीवर पाय लांब करून पुस्तक घेऊन बसायची. वाचन होत नव्हतं. पानावरून नजर उठली की समोर दाराचा उंबरा.

तो उंबरा मी लहानपणापासून पाहत आले आहे. धरणात जुनं गाव गेलं तेव्हा वडिलांनी तो काढून बैलगाडीतून नव्या गावठाणात आणला. नुसता उंबरा नाही. लोकांनी चौकटी, तुळया, जोत्याचे चिरे, जे जे निघेल ते आणलं होतं. विटामातीच्या भिंती तिथेच पाण्यात विरघळल्या. नव्या घराचं दार जुन्यापेक्षा अरुंद होतं, म्हणून उंबरा एका बाजूने तासला आहे. दुसऱ्या बाजूची वेलबुट्टी शाबूत, या बाजूची मधेच तुटलेली. घरात कुणाला त्याचं कधी वाईट वाटलेलं मी ऐकलं नाही. वडील तर पाहुण्यांना मुद्दाम तो तासलेला भाग दाखवत.

मी विचार करत होते तो एवढाच, की टिकाऊ वस्तू म्हणजे जागची न हलणारी वस्तू, असं मी धरून चालले होते. ते चुकीचं होतं. जे कच्चं असतं ते एकदाच बसवता येतं. जे पक्कं असतं ते काढून पुन्हा बसवता येतं.

भावाच्या फोनवरूनच मी मिस्त्रीला विचारलं, ओटा न फोडता काढून खाली बसवता येईल का? तो म्हणाला, आधी बघावं लागंल.

मी परत आले तेव्हा तो आला. वाकून ओट्याखाली पाहिलं, बोटाच्या गाठीने ठिकठिकाणी वाजवलं, बेसिनपाशी थांबून पुन्हा वाजवलं. मी चहा केला. तो सगळा चहा पिऊन झाल्यावर बोलला.

"वैनी, निघंल. पर बेसिनापाशी दगुड दोन्हीकडनं चार-चार बोटंच हाय. तितं मोडंल का न्हाय, ते म्या सांगू शकत न्हाय."

"आणि शेगडीकडचा?"

"त्यो न्हाय मोडायचा. तात्यांनी निवडलेला हाय."

मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, मोडला तर तुला सोसेल का? मी म्हटलं, माहीत नाही. पण न उचलता ते कळणार नाही. ती म्हणाली, मग मी येते त्या दिवशी.

ती आली. आम्ही दोघी मागच्या अंगणात, केळीपाशी उभ्या होतो. आत मिस्त्रीने कटरने भिंतीकडचा सांधा मोकळा केला. पांढरी धूळ दारातून बाहेर येत होती. मग मशीन थांबलं. चार माणसं दोन-दोन करून दोन टोकांना गेली. पहारीचा आवाज, मिस्त्रीचं दबक्या आवाजात 'सावकाश, सावकाश', आणि मग एक आवाज. फार मोठा नव्हता. सुपारी फोडल्यासारखा.

लेकीने माझा हात धरला. मिस्त्री दारात आला, डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं.

"वैनी, बेसिनाकडचा गेला."

मी आत गेले. शेगडीकडचा लांब भाग भिंतीला टेकवून उभा केला होता, अखंड. बेसिनकडचा तुकडा खाली पडला होता. मोडलेल्या कडेवर ग्रॅनाइट काळा नव्हता, राखाडी होता आणि त्यात बारीक चकाकी होती. एवढी वर्षं घरात असून तो आतून कसा आहे ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मी उगाच वाकून लादीच्या खालची जागाही पाहिली. तिथे सिमेंट होतं आणि मुंग्यांची एक रांग. दुसरं काही नव्हतं.

मला वाटलं होतं मी रडेन. मी मिस्त्रीला म्हटलं, उरलाय तो बसवा. बेसिनला नवा आणू.

"मग या हितं," तो म्हणाला, "भितीला उभ्या ऱ्हावा."

मी भिंतीशी उभी राहिले आणि विचारलं, चप्पल काढू की ठेवू?

"घरात कशा वावरता?"

"अनवाणी."

"मग काढा."

मी चप्पल काढली आणि हात कोपरात वाकवला. त्याने चार बोटं मोजली, पेन्सिलीने रेघ मारली. लेक बघत होती. ती हसून म्हणाली, "आई, ताठ उभी राहा, पोक काढू नकोस. जन्मभर वाकावं लागेल." मिस्त्रीही हसला. मग मीही. घरात हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी झाला, आणि कुणालाच त्याने संकोचल्यासारखं वाटलं नाही.

आधाराच्या भिंती वरून कापून लादी खाली आणून बसवली. ओट्याखालच्या स्टीलच्या ट्रॉल्यांपैकी सगळ्यात वरची आता मावत नव्हती. ती मी बी-बियाणं ठेवायला मागच्या पडवीत नेली. बेसिनसाठी दगड आणायला मी आणि लेक बारामतीला गेलो. भाईंकडे जुन्या लादीच्या जातीचा माल उरला नव्हता. होता तो काळाच, पण थोडा निळसर. त्यांनी यांची आठवण काढली, आणि मीही लादीवर पाणी ओतून वाकून पाहिलं तेव्हा ते बाजूला सरकले. मोडलेला तुकडा फेकू दिला नाही. कडा घासून त्याला कढीपत्त्याखाली दोन चिऱ्यांवर ठेवलं. पेपर वाचायला बसण्यापुरता तो पुरतो. जाऊबाई भाजी निवडायला तिथेच येतात.

स्वयंपाक मला हळूहळू जमतो आहे. भाकरी अजून एका कडेला जाड होते. जाऊबाई म्हणतात, तात्यांची असली कधी झाली न्हाय. मी म्हणते, त्यांची सुरुवातीची तुम्ही खाल्ली नाहीत, मी खाल्ली आहे. दिवाळीला लेक आणि जावई आले तेव्हा सगळं मीच केलं. लेकीने घर बंद करण्याचा विषय काढला नाही. जाताना तिने ती पायाखालची फळी उचलून ठेवली, तिच्या विटा शेतातल्या बांधावर टाकल्या आणि हात झटकले.

ओटा खाली आला, पण भिंतीवरच्या टाइल्स होत्या तिथेच आहेत. टाइल्सची खालची कड आणि ओटा यांच्यामध्ये वीतभर पट्टी उघडी राहिली. मिस्त्री तिथे जुळणाऱ्या टाइल्स लावणार होता, मी म्हटलं, नको, माहेरच्या उंबऱ्यासारखा सांधा दिसू दे. ती सिमेंटने घोटून घेतली आहे. तिच्यावर हळद उडते. रोज रात्री मी ती ओल्या फडक्याने पुसते. मी याच घरात राहते.